आईचा ड्रेसमधला फोटो

दिवाळीच्या सुट्टीत मी आईला घेऊन हैदराबादला निघाले होते. आमचं जळकोट हायवेवर. लग्न होऊन आली तेव्हापासून आई दारातून हैदराबादच्या पाट्या लावलेल्या गाड्या जाताना बघत आली, पण त्यात बसायची वेळ कधी आली नव्हती. मी कळंबला शाळेत शिकवते, मला सुट्ट्या मिळतात, आणि सुट्टीत माहेरी जाऊन तिच्या हातचं खाण्यापेक्षा एकदा तिलाच बाहेर काढावं असं मी ठरवलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "जावा की, आमी बघतो इकडं," आणि म्हशीला वैरण टाकायला निघून गेले.

उमरगा मागं पडलं, ओळखीचं कुणी गाडीत उरलं नाही, तेव्हा आई खिडकीकडं बघत म्हणाली, "मला एक फोटो काढायचाय. ड्रेसमधला."

आमच्याकडं ड्रेस दोनच. एक पोरांचा शाळेचा आणि दुसरा पंजाबी ड्रेस. सलवार, कमीज, वर ओढणी. आई परकर सोडून थेट साडीत गेली आणि ड्रेस गावात आला तो त्यानंतर. मी घातला, माझ्या मैत्रिणींनी घातला, आता तर आजी झालेल्या बायका घालून भाजी आणायला जातात, पण त्या शहरातल्या. जळकोटात आमच्या भावकीतल्या सुना साडीच नेसतात. अण्णांनी कधी नाही म्हटलेलं नाही, कारण त्यांना कुणी विचारलेलंच नाही. आमच्या घरात बऱ्याच गोष्टी अशा न विचारताच ठरलेल्या आहेत आणि त्याचा मला लहानपणापासून राग आहे.

"मग घे की एक," मी म्हटलं. "मी घेऊन देते."

"आन् ठिवू कुठं? कपाट एकच हाय. तुझे अण्णा त्याच्यातनंच बनियन काढतेत."

"माझ्याकडं ये. माझा घाल."

"कळंबात तुझी सासू हाय. जळकोटात तर सगळा गावच सासू हाय."

मी मोबाइल दाखवला. तो तिला नको होता. मोबाइलवरचा फोटो मोबाइलवरच राहतो, तिला कागदावरचा पाहिजे होता, फोटोवाल्यानं काढलेला. आणि कपड्याचं तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. "यात्रंत न्हाय का फोटोवाला टोपी द्यायचा, कोट द्यायचा, तसं. घालायचं, फोटो काढायचा, तिथंच ठिवून यायचं. कुनाला दावायचं बी न्हाय आन् लपवायचं बी न्हाय."

मला तेव्हा हसू आलं, पण विचार केला तर तिचं गणित अगदी बरोबर होतं. नेसत्या साडीवर जायचं, नेसत्या साडीवर परत यायचं आणि मध्ये तासभर ड्रेस. एवढंच मागणं होतं. म्हटलं, हे नाही केलं तर मग कसली लेक मी.

लॉजवर पोचल्या पोचल्या मी मोबाइल घेऊन बसले. 'ड्रेस फोटोशूट' एवढंच टाकलं, तर ढिगानं जाहिराती आल्या. त्यातल्या एकीवर लिहिलेलं, ड्रेस आमचा, मेकअप आमचा, आठवण तुमची. मी लगेच फोन लावला. पलीकडं एक मुलगी होती, अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी बोलणारी, आणि तिच्या प्रत्येक वाक्यात एक 'मॅम' होता.

"किसके लिए है मॅम?"

"मदर के लिए," मी म्हटलं.

"ओ, काँग्रॅट्स मॅम. कौन-सा महीना चल रहा है?"

मी म्हटलं, नोव्हेंबर.

ती थांबली. मग फार समजुतीनं म्हणाली, "नहीं मॅम, आपका कौन-सा महीना?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की ही बाई पोटुश्या बायकांच्या फोटोंबद्दल बोलतेय. मी सांगितलं की मदर म्हणजे माझी आई, तिची साठी कधीच उलटली आहे आणि महिना कुठलाही चालत नाही. आई पलंगावर बसून पायाला तेल चोळत होती. "काय म्हनायली?" असं तिनं विचारलं, तर मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मी शिक्षिका आहे. एकच गोष्ट चार वेळा विचारायची सवय आहे. ड्रेस आहे ना? है मॅम. मापात बसेल ना? सबको फिट होता है. ड्रेसवर ओढणी असते ना? त्यावर ती म्हणाली, "ट्रेल होता है मॅम, बहुत लंबा." मला वाटलं हैदराबादेत ओढणीला ट्रेल म्हणत असतील. लांब आहे म्हणजे आईला डोक्यावरूनही घेता येईल, बरंच झालं. पैसे आधी भरावे लागले आणि ते परत मिळणार नाहीत असंही तिनं गोड आवाजात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं डोक्यावरून न्हाऊन घेतलं. रिक्षात बसताना सुट्ट्या पैशांवरून रिक्षावाला "नक्को" म्हणाला, तर ती केवढी खूश झाली. "इथं बी नकोच म्हनतेत की गं." सगळ्या रस्त्यानं ती बडबडत होती. तिला असं बडबडताना मी फार कमी बघितलंय, त्यामुळं पुढं जे झालं त्याचा मला जास्तच संताप आला.

स्टुडिओ काचेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होता. आत गारेगार. मोबाइल दारातच काढून घेतले, कपाटात ठेवून किल्ली दिली. आत कुणी स्वतः फोटो काढायचे नाहीत असा नियम. कालची फोनवाली काळ्या टीशर्टात समोर आली. तिनं आईला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एका दालनात नेलं. तिथं लोखंडी दांड्यांना झगे लटकवले होते. लाल, जांभळे, मोरपंखी, पाठ नसलेले, बाह्या नसलेले, आणि एकेकाचा घोळ इतका की पाच-सहा हात जमिनीवर पसरलेला. तोच तो ट्रेल.

"आंटी, गाऊन पसंद कीजिए."

आईनं माझ्याकडं बघितलं. "गाऊन?"

आता आमच्याकडं गाऊन म्हणजे काय हे त्या मुलीला कुठून माहीत असणार. गाऊन म्हणजे रात्री घालायची मॅक्सी, सुती, फुलाफुलांची, धुऊन धुऊन विटलेली. सकाळी पाणी भरेपर्यंत ती अंगावर असते आणि तेवढ्यात कुणी आलं तर बाई आत पळते.

"आगं, गाऊनवर फोटो काढतेत व्हय?" आई हळू आवाजात म्हणाली. "दूधवाला आला तर गाऊनवर टावेल घ्यावा लागतो. आन् हे असलं घालून कागदावर?"

मी मुलीला म्हटलं, ड्रेस पाहिजे. ती म्हणाली, हे ड्रेसच आहेत. मी म्हटलं, हे नाहीत, ड्रेस, पंजाबी ड्रेस. ती म्हणाली, "ओ, सलवार सूट? वो कौन शूट कराता है मॅम?" आणि माझ्याच अंगावरच्या निळ्या ड्रेसकडं बोट करून विचारलं, "मतलब ऐसा?" ते 'ऐसा' तिनं असं म्हटलं की जणू पायपुसण्याबद्दल बोलतेय. तो ड्रेस मी कळंबला शिवून घेतलेला, चांगला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मग तिनं आणखी एक दालन उघडलं. घागरे, शेरवान्या, नवाबी टोप्या, हुक्का. आणि शेवटी फार मोठं गुपित दाखवल्यासारखं करून तिनं एक नऊवारी काढली. शिवलेली, पाठीमागं चेन असलेली. बरोबर नथ, गजरा आणि कमरेवर घ्यायला पितळी घागर. "महाराष्ट्रियन कॉन्सेप्ट. आंटीपे ये बहुत सूट करेगा."

आई त्या घागरीकडं बघत राहिली. कमरेवरची घागर तिची आत्ता आत्ता सुटलीय, नळ आल्यापासून. "म्हंजी म्या हितं येऊन पुन्हा लुगडंच नेसू व्हय?" तिचा आवाज चिडलेला नव्हता. तो चिडलेला असता तर मला बरं वाटलं असतं.

इथून निघून सरळ बाजारात जावं, दुसरा फोटोवाला शोधावा, असं मला वाटलं. पण संध्याकाळची परतीची गाडी होती आणि भरलेले पैसे डोळ्यांपुढं नाचत होते. माझ्यातली पै-पैचा हिशेब ठेवणारी कळंबची बाई जागी झाली. म्हटलं, "आई, घालून तर बघ एक." दोन मुलींनी तिच्यावर लाल गाऊन चढवला. समोरून ठीक दिसेल म्हणून मागं दोरीवरच्या चिमट्यांसारखे चिमटे लावून तो आवळला. एकीनं तो घोळ उचलून धरला, हवेत उडवायचा असतो म्हणे. आई आरशात बघत होती. खांदे आत ओढून, दोन्ही हात छातीशी धरून.

"काढा," ती म्हणाली. "मला वरातीतल्या घोड्यावानी वाटायलंय."

मुली हसल्या. मी हसले नाही. मी त्या दोघींना बाहेर घालवलं, पडदा ओढला आणि अंगातला ड्रेस काढायला लागले. आई म्हणाली, "काय करायलीस?" मी म्हटलं, "ड्रेस पाहिजे ना तुला, हा घे ड्रेस."

मला सुचायला एवढा वेळ का लागला कुणास ठाऊक. सलवार तिला लांब झाली, नाडी दोनदा गुंडाळून वर खोचली. कमीज खांद्यात सैल होती, पण बरी बसली. बाहेरून "मॅम, टाइम हो रहा है" अशी हाक आली, म्हणून हाताला आला तो, आईनं उतरवलेला लाल गाऊन मी डोक्यातून घातला. मागून उघडी, पुढून महाराणी. तेवढ्यात मुलगी आत डोकावली आणि म्हणाली, आउटसाइड कपडे अलाउड नाहीत, ओन आउटफिटचं पॅकेज वेगळं, ते आधी बुक करावं लागतं.

मी पडदा गळ्याशी धरला, फक्त मुंडकं बाहेर काढलं आणि भांडले. शाळेत गेली कित्येक वर्षं जो आवाज मी मधल्या सुट्टीत वापरते तो सगळा वापरला. जाहिरातीत ड्रेस लिहिलंय की नाही? ड्रेस तुमच्याकडं आहे की नाही? नाही ना? मग आम्ही आणलाय. तिच्या वरची एक बाई आली, तिच्याशी भांडले. मग तिच्या वरचा एक माणूस आला. तो प्रत्येक वेळी "पॉलिसी" म्हणायचा आणि मी प्रत्येक वेळी "ड्रेस" म्हणायचे. शेवटी आतून फोटोग्राफरच कंटाळून म्हणाला, एक लुक करून देतो, भेजो आंटी को.

मी आईबरोबर जायला निघाले तर तिनं मला मागं ढकललं. "तू आतच बस. तू बघायलीस तर मला व्हायचं न्हाय." आणि तसंही त्या उघड्या पाठीनं मी कुठं जाणार होते?

म्हणून माझ्या आईचा ड्रेसमधला फोटो काढताना मी तिथं नव्हते. मी पडद्याआड स्टुलावर बसले होते, लाल गाऊनमध्ये, मांडीवर आईची साडी घेऊन, आणि ऐकत होते. दिव्यांची खटखट. "आंटी, इधर देखिए." मग, "आंटी, दुपट्टा सिर से हटाइए." त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी मनात म्हणत होते, हटव गं बाई, हटव. आणि दुसऱ्या क्षणी म्हणत होते, तुम्हाला काय करायचंय रे मेल्यांनो, राहू द्या तिच्या डोक्यावर. मग कॅमेऱ्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, मग भराभरा. मध्येच आई हसली. मोकळी, मोठ्यानं. माहेरी, तिच्या बहिणींत बसली की हसते तशी. फोटोग्राफर काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही आणि तिनं ते आजवर सांगितलेलं नाही.

परत आली तेव्हा ओढणी खांद्यावर होती. ती आरशापुढं थांबली नाही, मलाही नीट बघू दिलं नाही. "झालं," म्हणाली आणि पाठमोरी होऊन कपडे बदलायला लागली. साडी नेसून झाल्यावर माझा ड्रेस तिनं घडी घालून दिला, सलवारीवर कमीज, कमीजवर ओढणी.

फोटो फ्रेम करून पाठवणार होते. पॅकेजमध्ये होतं. महिनाभर मी फोन करत होते. दर वेळी वेगळी मुलगी, दर वेळी "एडिटिंग में है मॅम." एका पोरीला मी विचारलं, एका बाईच्या एका फोटोत एडिटिंग करायला असतं तरी काय? ती म्हणाली, सरप्राइज है. शेवटी कळंबला खोकं आलं आणि मी ते न उघडता रविवारी एसटीनं जळकोटला घेऊन गेले. पहिल्यांदा तिनंच बघावं म्हणून. अण्णा रानात होते. आम्ही दोघींनी मधल्या खोलीत बसून विळीनं खोक्याची पट्टी कापली.

फ्रेम जड होती, सोनेरी काठाची. आत एक बाई होती. गोरी, गुळगुळीत, चाळिशीचीही नसेल अशी. कपाळावर एक रेघ नाही. हनुवटीवरचं गोंदण पुसलेलं. डाव्या भुवईत आईला लहानपणी लागलेल्या गोफणीची खूण आहे, तीही बुजवलेली. डोळे मोठे केलेले, ओठ रंगवलेले. निळा ड्रेस, खांद्यावर ओढणी.

आईनं फ्रेम दाराकडं नेली, उजेडात धरली.

"ड्रेस तर तुझाच हाय," ती म्हणाली. "बाई कोन हाय?"

मी तिथंच फोन लावला. सांगितलं, हे रंगकाम काढा आणि मूळ फोटो पाठवा. पलीकडची मुलगी म्हणाली, डिलिव्हरीनंतर मूळ फाइल ठेवत नाहीत, डिलीट होतात. मी म्हटलं, तुम्ही माझी आई पुसली आहे. ती म्हणाली, "मॅम, सब लोग तो यही चाहते हैं." मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवला. तो ड्रेस माझ्या अंगावरचा, ते भांडण माझं, त्या स्टुलावर बसून ऐकलेलं हसू माझ्या कानात होतं, आणि तो चेहरा आता कुठंच नव्हता. कागदावर नाही, मोबाइलवर नाही. मी रडायला लागले, रागानं.

आई मात्र अजून फ्रेमकडं बघत होती. "ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली. "म्या काढलाय ही मला म्हाईत हाय की."

"तेवढ्यानं काय होतंय?"

"होतंय," ती म्हणाली. मग थोडा विचार करून, "उलट बरं झालं. आता लावता येतोय."

मला कळलं नाही. ती उठली, बैठकीत गेली, कॅलेंडर काढून तिथल्या खिळ्यावर तिनं ती फ्रेम लावली. दारातून आत येणाऱ्याला पहिली तीच दिसावी अशी. मी म्हटलं, अण्णा काय म्हणतील? ती म्हणाली, "काय म्हनतेत बघू."

अण्णा दुपार कलल्यावर आले. पाय धुतले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बैठकीत बसले. आईनं चहा दिला. बशीत ओतता ओतता त्यांचं भिंतीकडं लक्ष गेलं.

"कोन गं ही?"

"फ्रेमसंगं आलीया," आई म्हणाली. "फ्रेम घेतली की आत नमुन्याचा फोटो असतोय ना, ती. फ्रेम चांगली हाय म्हनून लावली."

"असं व्हय." त्यांनी चहा फुंकला. मी दारात उभी होते. मला वाटत होतं, हे आता बघतील, नीट बघतील, एवढी वर्षं जिच्या हातचं खाल्लं ती बाई यांना कळेल. त्यांनी खरंच नीट बघितलं. मान थोडी तिरकी करून, शेळी विकत घेताना बघतात तसं, बराच वेळ.

"बाईला ड्रेस शोभतोय मात्र," ते म्हणाले.

आईला दोन घरं पलीकडचं भांडण आमच्या चुलीपाशी ऐकू येतं. तरी तिनं पदर कानामागं सारला आणि विचारलं, "काय म्हनलाव?"

अण्णांनी जरा मोठ्यानं पुन्हा सांगितलं.